सासरचे लाकूड, माहेरची होडी
(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी सरळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इथे बी.ए., एम.ए. झालेल्या भगिनी बसल्या आहेत, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? पण त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे येतं त्यावर बोला. लोणच्यावर बोला." मी म्हटले, "लोणच्यावर नको, होडीवर बोलते." त्या हसल्या. कर्जतला होडी कुठली? आपल्याकडे पावसाळ्यात नदीला पूर येतो तेवढाच, एरवी बायका गुडघाभर पाण्यात धुणे धुतात.

खरे आहे. पण जरा विचार करा. कर्जतवरून जाणारी उल्हास नदी नेरळ, बदलापूर करीत कल्याणला जाते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि त्यानंतर दोनेक वर्षांत त्याच खाडीवर स्वराज्याच्या आरमाराची पहिली गलबते बांधायला घेतली. तिथे कामाला ठेवलेले पोर्तुगीज कारागीर मध्येच निघून गेले, तरी आरमार उभे राहायचे काही थांबले नाही. आपली दुसरी नदी पाताळगंगा. खोपोलीला टाटांच्या वीजघरातून १९१५ सालापासून जे पाणी सुटते ते हिच्यात पडते. मग खालापूर, रसायनी, आपटे करीत ती खारपाड्याच्या पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. त्या खाडीच्या काठी, पेण तालुक्यात, माझे माहेर. म्हणजे खालापुरात ज्या पाण्यात आम्ही भांडी घासतो तेच पुढे माझ्या भावाच्या दारात भरती-ओहोटी खेळते. मग होडीवर बोलले तर काय बिघडले?

आणखीही एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकते. २०२२ सालच्या डिसेंबरात मी आपल्या मंडळाच्या बचत गटातून दहा हजार रुपये घेतले होते. कशासाठी, असे विचारले तेव्हा मी "माहेरच्या घराची दुरुस्ती" असे सांगितले आणि वहीत तसेच लिहिले गेले. हप्ते मी वेळेवर फेडले, व्याजही भरले. पण भगिनींनो, ते पैसे घरासाठी नव्हते. ते एका जुन्या, मोडक्या लाकडी होडीसाठी होते. तसे सांगितले असते तर तुम्ही हसाल, किंवा पैसे देणार नाही, अशी मला भीती वाटली. आज पंचवीस वर्षांचा हिशेब मांडायचा दिवस आहे. तेव्हा माझी ही खोटी नोंदही दुरुस्त व्हावी म्हणून मी उभी आहे.

आमची होडी वीस-बावीस फुटांची, एका शिडाची. गलबत नव्हे, मचवा नव्हे, साधी खाडीतली होडी. बाबा तिच्यातून मासे आणीत, पावसाळ्यापूर्वी पलीकडच्या गावांहून पेंढा आणीत, कधी कौले, कधी कोणाची वऱ्हाडी मंडळीही आणीत. वारा असला तर शीड, नसला तर वल्हे. आमच्या गावात तेव्हा घड्याळे थोडी, पण भरतीची वेळ कोणाला विचारावी लागत नसे. बाबांनी मला शिकविले होते: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. खाडीत आत यायला पाण्याला थोडा अधिक वेळ लागतो, तो ज्याने त्याने धरायचा. शाळेत पाऊणकीचा पाढा मला सर्वांत आधी पाठ झाला तो यामुळे.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर होडी ओढून वर घेत आणि झावळ्यांनी शाकारीत. पाऊस सरला की फळ्यांचे सांधे पुन्हा भरायचे. जुना कापूस उकरून काढायचा, नवा कापूस दोरीसारखा वळून बोथट छिन्नीने सांध्यात ठासायचा आणि वर राळ आणि तेल कढवून तयार केलेला लेप द्यायचा. कापूस वळायचे काम माझ्याकडे असे. आपण देवाची वात वळतो ना, तसेच, फक्त वात बोटभर आणि ही हातभर. घट्ट वळली तर सांध्यात शिरत नाही आणि सैल वळली तर पाणी अडत नाही. राळ किती कढवायची, हेही मी बघत असे. थेंब थंड पाण्यात टाकायचा आणि चिमटीत धरून पाहायचा. पाकाची गोळी पाहतो तशीच. कडकडीत तुटली तर लेप उन्हात तडकणार, बोटाला चिकटून आली तर अजून कच्ची. मी सातवी झाले आणि शाळा सुटली, कारण पुढची शाळा दूर. त्यानंतर लग्न होईपर्यंत दर वर्षी हे काम माझेच होते.

बाबा २०१६ साली गेले. दादाने नोकरी धरली होती. खाडीत तोवर यंत्राच्या आणि फायबरच्या होड्या आल्या होत्या. आमची होडी आंब्याखाली वर घेतलेली तशीच राहिली. झावळ्या घालायला कोणी नाही, मग पावसाचे पाणी तिच्यात साचू लागले. पुष्कळांना वाटते, खाऱ्या पाण्याने लाकूड कुजते. तसे नाही. खारे पाणी लाकडाला सांभाळते, त्यात भीती ती लाकूड पोखरणाऱ्या किड्याची. कुजविते ते पावसाचे गोडे पाणी, आणि तेही साचून राहिलेले. पुढे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. तुम्ही सर्वांनी ते पाहिले आहे. त्या दिवशी आंब्याची मोठी फांदी होडीवर पडली आणि एक बाजू फुटली.

२०२२ च्या दिवाळीला भाऊबीजेसाठी गेले तर अंगणात एक गृहस्थ बसलेले. आपल्याच बाजूला कुठेसे त्यांचे फार्महाऊस होते. त्यांना होडी हवी होती. हिरवळीवर ठेवून तिच्यात फुलझाडे लावायची, आणि नाळेकडचा भाग कापून दिवाणखान्यात पुस्तकांचे कपाट करायचे. पंधरा हजार द्यायला तयार होते. दादाने जवळजवळ हो म्हटलेच होते. त्याचे तरी काय चुकले? दोन मुले शिकत होती आणि होडी काही मिळवून देत नव्हती. वहिनी म्हणाली, "चुलीत घालण्यापेक्षा बरंच की."

मी ओवाळणीचे ताट हातात घेऊन उभी होते. मला काय झाले ते मला अजून सांगता येत नाही. मी म्हटले, "दादा, यंदा ओवाळणी नको. होडी विकू नकोस, एवढंच दे." माणसांपुढे असे बोलायला नको होते. दादाचा चेहरा उतरला. ते गृहस्थ भले होते, "घरात ठरवा आणि कळवा" म्हणून उठून गेले. मग दादा माझ्यावर रागावला. "तुला काय जातं बोलायला? तू कर्जतला. कुजलेली फळी मी रोज बघतो." त्यावर मला उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रीकाकांना बोलावले. त्यांनीच तरुणपणी आपल्या वडिलांच्या हाताखाली ही होडी बांधली होती. आता वय पंचाहत्तरीच्या पुढे, डोळ्याला कमी दिसते, हात थरथरतो. ते होडीभोवती फिरले आणि लहान हातोडीने एकेका फळीवर टकटक करू लागले. आपण बाजारात मडके वाजवून घेतो ना, अगदी तसे. चांगली फळी खणखणते, कुजलेली बद्द बोलते. वाजवून झाले की टोच्याने दाबून पाहायचे. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "बावीसमधल्या नऊ फळ्या गेल्या, अकरातल्या चार बरगड्या गेल्या. कना शाबूत हाय. होडी व्हईल. पन लाकूड कुठं हाय?"

होडीला फळी लागते सागाची. बरगड्यांना बाभळीचे वाकडे लाकूड चालते, किंबहुना वाकडेच हवे, कारण सरळ लाकूड कापून वाक दिला तर तो मोडतो. झाडाने आपणहून घेतलेला वाक मोडत नाही. बाभळी माहेरी बांधावर होत्या. पण जुन्या, मुरलेल्या सागाचा भाव ऐकला आणि आम्ही गप्प बसलो.

साग होता तो माझ्या सासरी. आमचे मूळ घर खालापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. त्याच निसर्ग वादळात त्या घराचे छप्पर उडाले आणि भिंती भिजून खचल्या. पुढच्या वर्षी तिथे स्लॅबचे घर झाले. जुन्या घराच्या सागवानी तुळया गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. आजेसासऱ्यांच्या वेळच्या त्या तुळया, त्यांचे लाकूड काळे कुळकुळीत आणि लोखंडासारखे झाले होते. यजमानांना विचारले तर म्हणाले, "मला विचारू नकोस, आईला विचार." सासूबाई त्या घरात नवरी म्हणून आल्या, त्यांची बाळंतपणे त्याच तुळयांखाली झाली. पाळण्याची कडी अजून एका तुळईला होती. मी आठ दिवस धीर केला नाही.

आपल्या वाचनालयात मला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राविषयी वाचायला मिळाले होते. आरमारासाठी लाकूड कसे तोडावे ते त्यात सांगितले आहे. साग, शिसव यांसारखी झाडे परवानगीने तोडावी, पण आंबा-फणस यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे. तीनशे वर्षांपूर्वी राज्याच्या कामालाही धन्याचा संतोष लागत होता, मग आपण तर एक सून.

शेवटी मी सासूबाईंना सगळे खरे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गोठ्यात वाळवी लागायची, त्यापरीस पाण्यात जाऊ दे. पण पाळण्याची कडी काढून माझ्याजवळ दे." मोल मी द्यायला गेले तर घेतले नाही. "होडीतली पहिली मासळी आण," एवढेच म्हणाल्या. तीन तुळया रीतसर कागद करून टेम्पोने पेणकडे गेल्या. मंडळाचे दहा हजार आले ते याच वेळी. निम्मा खर्च मी करीन, असे दादाला कबूल केले होते.

काम सुरू करताना मिस्त्रीकाकांनी कण्याला हळदकुंकू लावून एक खिळा ठोकला आणि म्हणाले, "आता ही जिवंत." तुळया आरा गिरणीत चिरून फळ्या निघाल्या. त्यांत जुन्या खिळ्यांची भोके होती, ती लाकडाच्या खुंट्यांनी बुजविली. सरळ फळी होडीच्या पोटाला बसवायची तर ती वाकवावी लागते. फळी ओली करायची, खाली जाळ करायचा, वर पाणी मारीत राहायचे आणि दोराने हळूहळू ताणायची. घाई केली की फळी चिरते. आमची एक चिरली. सासूबाईंची तुळई, आणि माझ्या डोळ्यांदेखत तडा गेला. मिस्त्रीकाकांनी त्या दिवशी काम बंद केले. कोणावर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या फळीचे दोन लहान तुकडे करून नाळेजवळ वापरले.

मी दर शनिवारी एस.टी.ने खोपोलीवरून पेणला जाई आणि रविवारी संध्याकाळी परत येई. कापूस वळायचे आणि राळ कढवायचे काम पुन्हा माझ्याकडे आले, कारण काकांच्या हाताला ते होईना आणि दुसऱ्या कोणाला येत नव्हते. लग्नाला वीस-बावीस वर्षे झाली होती, पण पहिली वात वळली आणि हाताला आपोआप आठवले. माझी भाची, दादाची मुलगी, तेव्हा नववीत. ती शेजारी बसून बघत असे. मग तिनेही वळायला घेतले.

५ फेब्रुवारी २०२३, रविवार, माघी पौर्णिमा. होडी पाण्यात लोटायला उधाणाची भरती हवी. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आमच्या खाडीत आणखी थोडी उशिरा. गावातली पंधरा-वीस माणसे हात लावायला आली. नारळ फोडला, होडी पाण्यात गेली, आणि घटकाभरात तिच्यात पाणी भरू लागले. फळ्या-फळ्यांमधून पाणी! दादा माझ्याकडे बघेना. वहिनीने तोंड फिरविले. पंचेचाळीस हजारांवर खर्च झाला होता.

मिस्त्रीकाका मात्र काठावर बसून विडी ओढीत होते. म्हणाले, "बुडू दे. सात वर्स तहानलेली हाय, पिऊ दे पानी." आणि खरोखरच त्यांनी ती उथळ पाण्यात काठापर्यंत बुडू दिली. वाळलेले लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे आपोआप आवळतात. तिसऱ्या दिवशी ओहोटीला पाणी उपसले. सगळे सांधे बंद झाले होते, एक सोडून. उजव्या अंगाला, सुकाण्याजवळ, पाणी झिरपतच होते.

तो सांधा माझा होता. आदल्या रविवारी शेवटची एस.टी. चुकेल म्हणून मी तिथे कापूस एकेरीच भरला होता. राळेचा लेप वरून नीट दिसत होता, म्हणून मी कोणाला बोलले नव्हते. दादाने फोनवर सांगितले तेव्हा मी ते कबूल केले. पुढच्या शनिवारी जाऊन तो सांधा सगळा उकरून पुन्हा भरला. काका म्हणाले, "लेपानं मानूस फसतो. पानी नाय फसत." मंडळाच्या वहीतली माझी नोंद मला तेव्हाच आठवली. तिच्यावरही मी वरून लेपच दिला होता. पण आज उभे राहायला तीन वर्षे लागली.

होडी तयार झाल्यावर वहिनीने एक प्रश्न विचारला. प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. "नऊ फळ्या नव्या, चार बरगड्या नव्या, शीड नवं, दोर नवे. मग मामंजींची होडी यात राहिली कुठं?" मला उत्तर सुचले नाही. मिस्त्रीकाका म्हणाले, "फल्या म्हंजे होडी नाय, बाय. माप म्हंजे होडी. मी माप बदललं नाय."

त्यांच्याजवळ कागदावर नकाशा नव्हता. एक खुणा केलेली काठी, एक गाठी मारलेला दोर, आणि बाकी सगळे हात, वीत, बोटे. नाळ किती उचललेली, पोट कुठे सर्वांत रुंद, सुकाण्याकडे किती निमुळती, हे सगळे त्या काठीत आणि त्यांच्या डोक्यात. जुनी फळी काढली की तिच्याच मापाची नवी, तिच्याच जागी. म्हणून होडी पाण्यावर बाबांच्या वेळेसारखीच बसली, वारा लागताच तशीच डावीकडे किंचित कलली. ते कलणे पाहून दादा पहिल्यांदा हसला.

माझ्या मुलीने नंतर मोबाइलवर शोधून मला एका मोठ्या जहाजाची हकिकत वाचून दाखविली. विलायतेत हार्टलपूल नावाच्या बंदरात ट्रिंकोमाली नावाचे शिडाचे लढाऊ जहाज आजही पाण्यावर आहे. ते बांधले कुठे, तर आपल्या मुंबईत, वाडियांच्या हाताखाली, १८१७ साली. तेव्हा लढायांमुळे विलायतेत ओकचे लाकूड कमी पडत होते, म्हणून जहाजे मुंबईत मलबारी सागाची बांधून घेत. वाडियांचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले. या जहाजाच्या कण्यात पारशी रीतीप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता. आमच्या काकांचा खिळा लोखंडी, पण रीत तीच.

त्या जहाजाचे नकाशे विलायतेहून जावा नावाच्या जहाजातून पाठविले होते. १८१२ च्या अखेरीस अमेरिकन आरमाराशी झालेल्या लढाईत जावा गेले आणि नकाशेही गेले. पुन्हा काढून पाठवावे लागले. पुढे म्हातारपणी या जहाजाचे नाव बदलले, त्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण दिले जाई. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे त्याची दुरुस्ती चालली आणि जुने नाव त्याला परत मिळाले. त्यातले निम्म्याहून अधिक लाकूड अजून मूळचे आहे. दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कारागिरांनी बसविलेला साग तिकडच्या थंडीत अजून तरंगतो आहे, हे ऐकून मला सासूबाईंच्या तुळयांची काळजी वाटेनाशी झाली.

याच्या उलट गोष्ट गोव्याची. होडीचे माप हरवले तर काय होते, ते तिथे कळते. आपल्या महाराष्ट्रातल्या अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातले एका जहाजाचे चित्र आहे. तसे जहाज आज बांधावे, असे आपल्या सरकारने मनावर घेतले. जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांचा करार झाला. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर गोव्यात दिवाडी बेटावर कामाला लागले. हे जहाज खिळ्यांचे नव्हे, शिवलेले! फळ्यांना भोके पाडून काथ्याच्या दोरीने फळीला फळी शिवायची आणि राळेने सांधे बंद करायचे. आपण गोधडी शिवतो, त्यांनी जहाज शिवले.

पण माप? चित्रात जहाज एकाच बाजूने दिसते. ते आत कसे, खाली कसे, कण्याची जाडी किती, हे भिंत सांगत नाही. दोरीने शिवायची विद्या केरळच्या त्या कारागिरांच्या हातात शिल्लक होती, ती कामी आली. आकार मात्र नव्याने शोधावा लागला. त्यासाठी मद्रासच्या आय.आय.टी.त नमुना करून पाण्यात तपासला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते जहाज पाण्यात उतरले, मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झाले आणि त्याला कौंडिण्य हे नाव दिले. २९ डिसेंबर २०२५ ला ते पोरबंदरहून निघाले आणि केवळ शिडाच्या बळावर १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोहोचले. आमच्या घरी सर्वांनी टी.व्ही.वर ते पाहिले. सासूबाई म्हणाल्या, "दोरीवर समुद्र गेले म्हणायचे!" मला आनंद झालाच. पण मनात आले, एका काठीवरच्या खुणा कोणीतरी वेळेवर उतरून घेतल्या असत्या तर एवढे शोधावे लागले नसते.

आमच्याकडे त्या उतरून घेतल्या गेल्या, ते माझ्या भाचीमुळे. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती रोज मिस्त्रीकाकांकडे जाऊन बसे. तिने शाळेच्या दोनशे पानी वहीत होडीची सगळी मापे लिहिली, हातात आणि फुटांत, दोन्ही. कोणती फळी कुठे, कोणती केव्हा बदलली, हेही. कापूस किती वळायचा आणि राळ कशी पाहायची, ते मी सांगितले. तेही तिने "आत्याची कृती" म्हणून शेवटच्या पानावर लिहिले आहे. काकांचा मुलगा कारखान्यात कामाला आहे, त्याने हे काम घेतले नाही, आणि त्याला दोष कसा द्यावा? २०२४ च्या पावसाळ्यात मिस्त्रीकाका गेले. काठी त्यांनी आधीच भाचीला दिली होती. त्या वर्षी पावसानंतरचे सांधे तिने भरले. मी फक्त बघितले. एक थेंब आला नाही.

होडी फार काही मिळवून देते असे नाही. दादा सुट्टीच्या दिवशी जाळे घेऊन जातो, घरापुरते मिळते. खर्च निघाला का, असे कोणी विचारले तर नाही निघाला. सासूबाईंना मात्र पहिल्या दिवशीची बोयटे पोचली. त्यांनी ती तळून शेजारीपाजारीसुद्धा दिली.

भगिनींनो, आज आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे झाली. ज्या अकरा जणींनी ते सुरू केले त्यांतल्या चार आज इथे बसल्या आहेत, चार गावे सोडून गेल्या आणि तीन आपल्यात नाहीत. पुष्कळ फळ्या बदलल्या. मीसुद्धा मागाहून बसविलेली फळी. तरी हे मंडळ तेच आहे असे आपण म्हणतो, ते कशावरून? मला वाटते, मापावरून. महिन्याच्या पहिल्या शनिवारी हिशेब सर्वांपुढे मोठ्याने वाचायचा. कर्ज मागणारीला चारचौघींत ओशाळे करायचे नाही. अध्यक्षबाई असो की नवी सून, बसायचे एकाच सतरंजीवर. हे माप पहिल्या अकरा जणींनी ठरविले. ते कुठे लिहिलेले नाही, त्यांच्या डोक्यातच आहे.

माझी विनंती एवढीच, की त्या चौघींजवळ बसून कोणीतरी ते लिहून घ्यावे. एखाद्या मुलीने घ्यावे, म्हणजे ते पुढे जाईल. आणि वहीत माझ्या नावापुढे "घराची दुरुस्ती" असे जे लिहिले आहे ते खोडून "होडीची दुरुस्ती" असे लिहावे. कर्ज मागताना मी घाबरले होते, पण या मंडळाचे माप मला तेव्हा नीट कळले असते तर खोटे बोलायची गरज पडली नसती.

माझे बोलणे लांबले, बाहेर चहा थंड होत असेल.